दहा सह्या, पाच मतं

निवडणुकीत पडल्यावर मतदारांचे आभार मानायला दारोदार फिरणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात मी एकच पाहिला, आणि तो आमच्या गल्लीत राहतो. निवडून आलेला माणूस गुलालाच्या गाडीवर एकदा दिसतो आणि पुढं पाच वर्षं दिसत नाही, हे आपण सगळेच जाणतो. आमचे उमेदवार मात्र अनामत जप्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि टोपी घालून औरंगपुऱ्यातून निघत आणि दोन दिवस घरोघर, दुकानोदुकान हात जोडत फिरत. आपल्याला मत नेमकं कुणी दिलं हे ठाऊक नसल्यामुळं त्यांनी त्यावर सोपा तोडगा काढला होता. ते सगळ्यांचेच आभार मानत. "दिलं असंल तर आभार, नसंल दिलं तर उभं राहू दिलं म्हणून आभार," एवढंच बोलत आणि पुढच्या दाराशी जात. माझं वह्या-कागदांचं दुकान रस्त्यावरच असल्यामुळं हे वाक्य मी चार निवडणुकांत चार वेळा ऐकलं, आणि चारही वेळा म्हणालो, अहो, त्यात काय.

चारही निवडणुका धरल्या तरी ते खरेखुरे उमेदवार जेमतेम दोन महिने असतील. पण गल्लीनं त्यांचं नावच उमेदवार ठेवलं. भाजीवाली त्यांना उमेदवारकाका म्हणे, समोरचे रफूवाले चाचा उमेदवारसाब म्हणत, आणि त्यांच्या घराचा पत्ता विचारणाऱ्याला खरं आडनाव सांगून उपयोग होत नसे. नोकरी त्यांची जमीन मोजणीच्या खात्यात झाली. शाळा निजामाच्या राज्यात सुरू झाली ती उर्दूतून. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा ते चौथीत की पाचवीत होते. त्यामुळं जुने उर्दू दस्त ते वर्तमानपत्रासारखे वाचत. निवृत्त झाल्यावर पार सिल्लोडकडून माणसं पिवळे पडलेले कागद काखेत मारून त्यांच्याकडं येऊ लागली. बांध कुणाचा, विहिरीत हिस्सा कुणाचा, हे ते सगळं वाचून मराठीत लिहून देत, आणि बदल्यात काही घेत नसत.

एवढी माणसं ज्याच्या ओसरीवर बसतात तो निवडून यायला काय हरकत आहे, असं परक्याला वाटेल. परक्याला त्यांची आचारसंहिता ठाऊक नसते. निवडणूक जाहीर झाली की उमेदवार मतदारसंघातल्या माणसाचा कागद वाचत नसत. मतदाराचं काम करून देणं म्हणजे आमिष, असा त्यांचा कायदा होता, आणि तो निवडणूक आयोगाच्या कायद्याहून बराच कडक होता. सिल्लोडचा माणूस आला तर हरकत नाही, त्याचं मत तिकडं. पण शहरालगतच्या वाडीतला एक म्हातारा कोर्टाची तारीख चार दिवसांवर आलीय म्हणून काकुळतीला आला, तर त्याला त्यांनी मतदान झाल्यावर या म्हणून परत पाठवलं. आपल्या घरात अकरा मतं आहेत, हे त्या म्हाताऱ्यानं जाताना गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं.

घरात तर त्याहून कडक. आचारसंहितेच्या काळात आल्यागेल्याला चहासुद्धा मिळत नसे. पाणी चाले, कारण पाण्याला नाही म्हणणं पाप. काकू बिचाऱ्या दारात उभ्या राहून म्हणत, "ह्यांची निवडणूक म्हंजे आमचा चातुर्मास." एका वर्षी त्यांना निशाणी मिळाली छत्री. मतदानाच्या दिवशी नेमका परतीचा पाऊस धो धो आला. सगळी गल्ली छत्र्या घेऊन मत द्यायला निघाली, आणि उमेदवार मात्र केंद्राजवळ निशाणी दाखवणं गैर म्हणून निथळत रांगेत उभे. पुढच्या-मागच्यांनाही ते छत्र्या मिटवायची विनंती करत होते. त्या वर्षीचा निकाल त्यांनी तापात, पांघरुणातून ऐकला.

त्यांचा जाहीरनामा माझ्याच दुकानातल्या फुलस्केप कागदावर ते स्वतः हातानं लिहीत. बाकीचे पक्ष रोज पाणी देणार होते, काही तर दोन वेळा. उमेदवारांनी लिहिलं होतं, ज्या दिवशी पाणी येणार नाही ते आदल्या दिवशी कळवीन. मी म्हटलं, जरा वाढवून लिहा की. तर म्हणाले, जमंल तेवढंच लिहिलंय. खरं सांगतो, आमच्या शहराला आजवर कुणी दिलेलं सगळ्यात शहाणं आश्वासन ते होतं, आणि आम्ही त्यावर आठवडाभर हसलो.

एकदा मी त्यांना विचारलंच, की पडणार हे ठाऊक असताना उभं कशाला राहायचं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "माझ्या बापाला निम्मं आयुष्य कुणी इचारलंच नाय, बाबा तुझं म्हणणं काय म्हणून. पोलीस ॲक्शन झाल्यावर पयल्यांदा मत द्यायला निघाला, तर लग्नातला फेटा बांधून निघाला. मी संगं व्हतो. इचारायला कुणीतरी दारात आलं पाहिजे ना."

अपक्षाच्या अर्जावर दहा सूचकांच्या सह्या लागतात. शेवटच्या खेपेचे ते दहा सूचक म्हणजे आमची गल्लीच. रफूवाले चाचा, पिठाच्या गिरणीवाले, दोन मास्तर, मी, असे सगळे. सह्यांच्या दिवशी ओसरीवर दाटीवाटीनं बसून आम्ही सह्या केल्या आणि चहा मिळणार नसल्यामुळं उठून कोपऱ्यावरच्या हॉटेलात गेलो. निघताना गिरणीवाले म्हणाले, काका, आपलं मत तुम्हालाच. तसे उमेदवारांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "सांगू नका. गुप्त असतं ते." ही त्यांची नेहमीची सवय होती आणि आम्हाला ती पाठ होती. हॉटेलात चाचांनी कानांवर हात ठेवून त्यांची हुबेहूब नक्कल केली, आणि सगळ्यात मोठ्यानं मी हसलो.

त्या वर्षी मतदानाला मशीन आलं होतं. आधी चिठ्ठ्या असताना वेगवेगळ्या पेट्यांतली मतं एकत्र मिसळून मोजत, त्यामुळं कुठल्या केंद्रावर किती पडली हे कळत नसे. मशीन मात्र केंद्रागणिक आकडा सांगतं. निकालानंतर उमेदवारांच्या हातात तो तक्ता आला. स्टेशनपलीकडच्या एका केंद्रावर, जिथलं कुत्रंसुद्धा त्यांच्या ओळखीचं नाही, त्यांना अठरा मतं होती. आमच्या गल्लीच्या केंद्रावर पाच.

पाचांतलं एक त्यांचं स्वतःचं. काकूंचं दुसरं धरलं तर उरली तीन, आणि सह्या दहा. त्या आठवड्यात गल्लीत ज्याला त्याला मी भेटलो, तो मला हळूच सांगत होता की त्या तिघांतला एक मी. दहाही जण त्या तिघांतलेच निघाले. मीही तसंच सांगितलं. ते खोटं होतं. मशीनसमोर उभा राहिलो तेव्हा त्यांचं नाव खाली होतं, मी ते पाहिलं, आणि मनात म्हणालो, बाकीचे नऊ देणारच आहेत, आपलं एक कशाला वाया घालवा. आणि वरचं बटण दाबलं. बाकीच्यांनीही हाच हिशेब केला असणार, कारण माणसाचं डोकं एकाच गिरणीतून दळून आल्यासारखं चालतं. उमेदवार नेमानं आभार मानायला आले. वाक्य तेच बोलले, पण पहिल्यांदाच माझ्या चेहऱ्याकडं नीट न बघता पुढं गेले.

मग पाच वर्षं मी एक गोष्ट मनाशी पक्की धरून ठेवली. पुढच्या वेळी मत त्यांनाच. निवडून येवोत, न येवोत, आपल्या केंद्रावर त्यांचा आकडा वाढला पाहिजे. पुन्हा निवडणूक जाहीर झाली, अर्ज भरायचे दिवस आले, आणि मी सहीसाठी चांगलं पेन खिशात घालून रोज दुकानात बसू लागलो. उमेदवार आलेच नाहीत. अर्जाची मुदत संपायला एक दिवस उरला तेव्हा मीच त्यांच्याकडं गेलो.

ओसरीवर आमच्याच वॉर्डातला एक माणूस बसला होता आणि उमेदवार त्याचा उर्दू कागद भिंगातून वाचत होते. मी बसलो. जरा वेळानं काकू आतून चहा घेऊन आल्या, दोघांसाठी दोन कप. इतक्या वर्षांत निवडणुकीच्या दिवसांत त्या घरात मी चहा पाहिला नव्हता. कप हातात आला आणि मला काय ते कळलं. मला तो पिववेना.

कागदवाला गेल्यावर मी म्हणालो, की सह्यांचं काय करायचं, आम्ही दहाही जण तयार आहोत. त्यांनी भिंग पुसून डबीत ठेवलं.

"न्हाई उभा ऱ्हात आता," ते म्हणाले. "पडल्याचं काय नाय बगा. चार डाव पडलो, कधी झोप मोडली नाय. पण तो तक्ता आला अन् माझी नजर बिघडली. चाचा रफू करीत बसलेले दिसले की मनात येतं, ह्यांनी दिलं असंल का? तुम्ही दुकान उघडताना दिसलात की तेच. हिनं ताट वाढलं तरी तेच. पाच वर्सं झाली, जात नाय डोक्यातून. मत गुप्त असतं म्हणून जन्मभर लोकांला सांगितलं, अन् मीच मनातल्या मनात मोजायलोय. गल्लीत ऱ्हायचं तर शेजाऱ्याकडं असं बघून भागत नाय."

मी कप खाली ठेवला. म्हणालो, "उमेदवार, मागच्या वेळी मी..."

त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "सांगू नका. गुप्त असतं ते." त्या दिवशी मला हसू आलं नाही. त्यांनी हात खाली घेतले आणि चहा निवायलाय म्हणून मला कप पुन्हा हातात दिला.

मतदानाच्या दिवशी मी मशीनवर नावं वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. त्यांचं नाव असणार नाही हे ठाऊक असूनही वाचली. केंद्रावरच्या बाईंनी झालं का म्हणून विचारलं तेव्हा कुठलंतरी बटण दाबलं. कुणाचं, ते आता आठवत नाही. ते गुप्तच राहिलं म्हणायचं.

उमेदवार आता बारा महिने सगळ्यांचे कागद वाचतात, आचारसंहिता असो नसो. चाचांच्या दुकानात तासतास बसतात, दोघं जुन्या शहराच्या गप्पा मारतात, आणि मला वाटतं त्यांची नजर बरीच सुधारली असावी. काकूंच्या घरी चहाला आता कधीच खंड नसतो. पण ते उभे नव्हते त्या निवडणुकीच्या निकालानंतरचे दोन दिवस मी दुकान सोडून कुठंही गेलो नाही. जेवणसुद्धा दुकानातच मागवलं. पांढरी टोपी रस्त्यावर दिसली की मान वर करून बघत होतो. ते आले नाहीत, आणि येण्याचं काही कारणही नव्हतं. पण या खेपेला ते हात जोडून समोर उभे राहिले असते, तर 'अहो, त्यात काय' न म्हणता आपणच आधी त्यांचे आभार मानायचे, हे मी ठरवून ठेवलं होतं.