मालतीवहिनीच्या तळ्यातल्या कुंड्या

फोन सकाळी आला. माझा भाचा श्रीकांत डोंबिवलीहून बोलत होता. "आत्या, आई गेली… झोपेतच." आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, "सुटली गं बाई!" शेजारी भाजी निवडत बसलेली माझी सून दचकून बघायला लागली. बघू दे. शेवटची तीन-चार वर्षं वहिनीची नजर जात जात नुसता उजेड-सावलीचा खेळ उरला होता, त्यात कंबर धरलेली. अशा बाईला झोपेत मरण आलं, तर नणंदेनं छाती बडवायची की देवापुढे साखर ठेवायची? मी साखर ठेवली. रडले ती नंतर, एकटी असताना.

मालतीवहिनी म्हणजे माझ्या दादाची बायको. पन्नास सालानंतर केव्हातरी ती आमच्या ठाण्याच्या घरात आली, तेव्हा मी नुकतीच शाळेत शिकवायला लागले होते. वयानं आम्ही बरोबरीच्या, पण ती मला शेवटपर्यंत "वन्सं"च म्हणाली. वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, आणि लग्न ठरवतानाच तिनं सांगितलं होतं की एम.एस्सी. पुरी करणार. आमचे वडील, अण्णा, पूजाअर्चेतले, कडक, पण दिलेला शब्द मोडणारे नव्हेत. शब्दाला शेपूट जोडणारे मात्र होते. दोन वर्षं झाली तसं त्यांनी जेवताना सांगून टाकलं, "सूनबाई, या दिवाळीपर्यंत काय ते उरका. त्यानंतर घर एके घर." वहिनी "बरं" म्हणाली आणि त्यांना आमटी वाढली. तिचं काम अर्धंसुद्धा झालेलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

काम कसलं? तर तळ्यात बुडून वाढणाऱ्या झाडाचं. आमच्या आळीमागच्या तळ्यात एक बारीक पानांचं गवत वाढायचं. आम्ही सगळ्यालाच शेवाळ म्हणून मोकळे व्हायचो, ती त्याला हायड्रिला म्हणायची. उन्हात वाढणाऱ्या झाडांबद्दल सगळे लिहितात, पण पाण्याखाली जिथे उजेड जेमतेम पोचतो तिथे हे झाड जगतं कसं, हा तिचा प्रश्न. "जगतं म्हणजे जगतं, तुला काय त्याचं?" असं मी तिला एकदा म्हटलंही. त्यावर ती हसून म्हणाली, "वन्सं, उजेडात कुणीही जगेल हो. मजा तिथे नाही."

तिनं मातीच्या कुंड्यांत ते गवत लावलं आणि काही कुंड्या काठाजवळ, काही तळ्याच्या मध्यावर दोरीनं सोडल्या. प्रत्येक कुंडीला नंबर घातलेली टिनाची चकती. होडी जोमाची. जोमा माजिवड्याचा, तळ्यात मासे धरायचा. दादा आणि वहिनी पहाटे जायचे, अण्णा पूजेला बसायच्या आत परत. सून होडीत बसून तळ्यात फिरते हे अण्णांना कळलं असतं तर दिवाळीसुद्धा उजाडली नसती. त्यांची समजूत अशी की ती कॉलेजातच काचेखाली काहीतरी बघते. कुणाचं जाळं कुंड्यांत अडकू नये म्हणून जोमानं मधल्या कुंड्यांभोवती चार बांबू रोवले आणि वहिनीनं त्यांना लाल फडकी बांधली. पण श्रावण सरला तरी मधल्या आणि काठाच्या झाडांत तिला फारसा फरक दिसेना. त्या वर्षी पाणी फार लवकर निवळलं होतं. "मधेसुद्धा उजेड पोचतोय हो," ती कपाळाला हात लावून म्हणायची.

आणि मग गणपती आले. आमचा गणपती गौरींबरोबर जायचा. त्या दिवशी जोमा आपल्या घरच्या गौरींत, माजिवड्याला. पुरुषमंडळी वाजतगाजत तळ्यावर गेली, आम्ही बायका घरी आरतीचं ताट करून थांबलो. विसर्जनाच्या जागची माती पाटावरून घरी आणायची आणि तिची आरती करायची, ही आमची रीत. अण्णा पाट घेऊन आले. वहिनीनं निरांजन ओवाळायला हात उचलला तो तिथेच थांबला. पाटावरच्या चिखलात टिनाची चकती होती.

"अण्णा, ही माती कुठली?"

"मधली. तराफ्यावरून गेलो, पोरांनी बुडी मारून काढली. या वर्षी म्युनिसिपालटीनं काय छान सोय केली आहे! बांबू रोवून, लाल फडकी लावून जागा आखून दिली आहे. मी म्हटलं, आपला पहिला मान. मग सगळी आळी माझ्यामागून तिथेच आली. बांबूंना हळदकुंकूसुद्धा वाहिलं लोकांनी."

मला आधी हसूच फुटलं, देवाशपथ! मग वहिनीचा चेहरा बघितला आणि पदर तोंडाशी धरला. तिनं आरती पुरी केली, ताट खाली ठेवलं आणि उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. होडी, कुंड्या, फडकी, सगळं. "देव तुमचा तसा माझाही आहे, अण्णा. पण पहाटेच्या गारठ्यात चार महिने त्या पाण्यावर मी बसत होते." आमच्या घरात अण्णांशी असं कुणी बोललं नव्हतं. अण्णा पाट तिथेच ठेवून आत गेले. त्या रात्री जेवलेही नाहीत.

पुढे अनंतचतुर्दशीपर्यंत गणपती येत राहिले. शाडू विरघळून तळं दुधाच्या चहासारखं झालं. चार बोटांखालचं दिसेना, कुंड्या तर दूरच. झाडं मातीखाली कुजली असणार हे आम्ही धरूनच चाललो. वहिनी रोज काठावर जाऊन यायची, आता उघडउघड. आणि अण्णा? ते रोज संध्याकाळी तिला विचारायचे, "निवळलं का गं थोडं?" विचारताना तिच्याकडे बघायचे नाहीत.

दसरा झाल्यावर जोमानं बुडी मारायचं कबूल केलं. काठावर दादा, वहिनी आणि मी, आणि मागून छत्री टेकत अण्णा. जोमा खाली गेला. दोरी हलली, थांबली… मी डोळे मिटून घेतले. मग त्याची आरोळी आली, "जित्ती हाय गो वयनी! बग, कवरी लांब जाली!" त्यानं कुंडी होडीत घेतली तेव्हा हातभर लांब हिरवे दोर तिच्यातून लोंबत होते. वहिनी गुडघाभर पाण्यात धावली, लुगड्यासकट. "मेलं नाही हो अण्णा! मेलं नाही!" अण्णा मटकन पायरीवर बसले. "हुश्श… मला वाटलं, मीच मारलं," म्हणाले आणि उपरण्यानं डोळे पुसले. माझ्या वडिलांना रडताना मी पाहिलं ते तेवढंच.

मग तिथेच पायरीवर तिनं काठाची आणि मधली झाडं शेजारी शेजारी ठेवून त्यांना दाखवली. काठाची बुटकी, पानं दाटीवाटीनं. मधल्या झाडांनी खालचा पसारा सोडूनच दिला होता. सगळी ताकद कांड्या लांबवण्यात घातली होती आणि वर जिथे उजेड होता तिथेच फांद्या फोडल्या होत्या. पानं इतकी पातळ की बोट आरपार दिसावं. शिवाय या झाडाचा हिरवा रंग पानाच्या अगदी वरच्या कातडीतच असतो, म्हणजे आलेला उजेड वाया जात नाही. अण्णा लक्ष देऊन ऐकत होते. "आणि अगदी अंधारच पडला तर?" त्यांनी विचारलं. "मग मरतं. जादू नाही ती. पण कमी उजेड म्हणजे अंधार नव्हे, अण्णा." जो फरक ती चार महिने शोधत होती, तो आळीच्या गणपतींनी महिनाभरात करून ठेवला होता. दिवाळी आली आणि गेली, अण्णांनी विषय काढला नाही. वहिनी एम.एस्सी. झाली, कॉलेजात शिकवायला लागली, आणि पुढच्या भाद्रपदात अण्णा पाट उचलताना सगळ्यांदेखत म्हणाले, "सूनबाई, झाडं कुठे आहेत ते सांगून ठेव. बाप्पा तिथेच सोडू."

परवा तेराव्याला तिच्या एका विद्यार्थिनीनं भाषण केलं की बाई त्या झाडासारख्याच होत्या, मिळेल तेवढ्या उजेडात निमूट जगल्या. निमूट? काहीतरीच! नजर गेल्यावरसुद्धा ती श्रीकांतशी भांडून खुर्ची खिडकीपाशी ओढायला लावायची. खिडकीत तिची लोणच्याची काचेची बरणी असे, त्यात तेच गवत. दिसत नव्हतं तेव्हा ती बोटानं शेंडा चाचपायची.

भाषणं संपल्यावर मी ती बरणी शोधली. पाहुण्यांच्या गर्दीत कुणीतरी ती पलंगाखाली सरकवली होती, ट्रंकेच्या मागे. पाणी गढूळ, खालची पानं गळालेली. "आत्या, टाकून देतो, मेलंय ते," श्रीकांत म्हणाला. मी बाही सारून हात आत घातला. कांड्या लांब, लांब… आणि बरणीच्या तोंडाशी कोवळा शेंडा.

"मेलं नाही रे," मी म्हटलं, आणि मला एकदम हलकं वाटलं. तो बिचारा लगबगीनं बरणी उन्हात ठेवायला निघाला. त्याला थांबवलं. कमी उजेडातून आलेलं झाड एकदम उन्हात ठेवलं तर करपतं, हे त्याच्या आईनंच मला शिकवलं होतं. बरणी मी खिडकीपासून दोन हात अलीकडे ठेवली, तिच्या खुर्चीवर.