पाचव्या बाइटपासून पुढे

१७ मार्चला सकाळी फौजदारबाईंनी धाकट्या दिराच्या अर्जाची फी, बाराशे चाळीस रुपये, स्वतःच्या खात्यातून भरली. दीर घड्याळं दुरुस्त करतो. जुनी जागा महिनाअखेर सोडायची होती. मंडईतला गाळा मिळाला नाही तर बिऱ्हाड पाठीवर. अर्जाची मुदत त्याच संध्याकाळी पाचची.

बाई नगरपालिकेच्या संगणक विभागात. अर्जासोबतची फाइल तपासणारा कोड त्यांचाच. "नाव काय, कुणीही काहीही ठेवतं. कुळी पाहावी," असं त्या म्हणत. कुळी म्हणजे फाइलचे पहिले चार बाइट. फोटोचे वेगळे, पीडीएफचे वेगळे. ते जुळले नाहीत तर फाइल दाराबाहेर. म्हणून त्या फौजदारबाई.

चार वाजता दिराचा फोन आला.

"वहिनी, तुमचं मशीन म्हणतंय, माझ्या परवान्याचा फोटो हा फोटोच नाही!"

"भाऊजी, काय उद्योग केलात?"

"झेरॉक्सवाल्याने नावापुढे जेपीजी लिहिलं. मी हातसुद्धा लावला नाही, शपथ!"

"तुमच्या शपथा मला पाठ आहेत."

त्यांनी फाइल उघडली. पहिल्या चार बाइटांत तीन शून्यं आणि एक आकडा. कचराच. फोन ठेवणार, तोच नजर पुढे सरकली. पाचव्या बाइटपासून नव्या फोनच्या फोटोची खूण स्वच्छ लिहिलेली होती. आधीचे चार नुसती पहिल्या तुकड्याची लांबी सांगत होते. फाइल खरी होती. चार बाइट पाहून बाईच उंबऱ्यावरून परतल्या होत्या.

त्यांनी सकाळपासून परत पाठवलेल्या फाइली काढल्या. आणखी एकोणीस जणांची तीच गत.

बाईंनी कोड बदलायची परवानगी मागितली, तेव्हा विभागाचे साहेब म्हणाले, "पाचच्या आत चालू कोडला हात लावायचा नाही. दिरासाठी तर नाहीच नाही."

"दिराला ठेवा बाजूला. या एकोणीस जणांनी काय पाप केलंय? चूक माझी आहे, लेखी देते."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "बिघडलं तर दोघंही घरी बसू. करा."

बाईंनी पाचव्यापासून बाराव्या बाइटपर्यंत वाचायला लावलं. मोबाइलच्या व्हिडिओचीही सुरुवात अशीच असते. तो आत शिरत नाही ना, हे आधी पाहिलं. मग सगळ्यांना फाइल पुन्हा पाठवायचे निरोप गेले.

पाचला सात मिनिटं असताना दिराचा परवाना आत गेला. एकोणिसांपैकी सतरा पोचले. दोघांनी निरोप पाहिला तो सहानंतर. बाईंनी लेखी कबुलीत त्या दोघांची नावं सर्वांत वर घातली आणि त्यांना मुदत वाढवून मागितली.

गाळ्याचा निकाल लागायचा आहे. फीपैकी बाराशे दिराने दिले. चाळीस रुपये येणं आहे.