पानाच्या पोटातला काटेरी भुंगा

मी निजामपुऱ्याची, शहरातल्या यंत्रमागांच्या वस्तीतली. लग्नाआधी आमच्या घरी लूमवरून आलेल्या कापडाचे सुटे धागे कातरायचं काम चालायचं, आणि ती छोटी कात्री घेऊनच मी वळ गावात सासरी आले. भात कसं लावतात तेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. पण डोळे होते ना!

ऐंशीचं दशक संपत आलं होतं, तेव्हा आमचं भात पांढरं पडायला लागलं. सासू म्हणायची, नजर लागली. सासऱ्यांनी कीड मारायची पावडर मारली, तरी तेच. शेवटी ते वैतागले. "पुढच्या साली बी असंच झालं, तर जमीन गोदामं बांधणाऱ्याला देऊन टाकतो." शेत गेलं तर मी काय करणार? नवरा लूमच्या ड्युटीवर. दिवसभर माझं म्हणावं असं ते शेतच होतं.

मी एक पांढरं पडलेलं पान कात्रीने उभं चिरलं. आत, गोधडीच्या दोन पदरांत कापूस असावा तशी, चपटी पिवळट अळी! बाहेरून पावडर मारून तिला काय होणार, कप्पाळ! तसली पानं मी बरणीत घातली आणि बरणीच्या तोंडाला फडकं बांधलं. अळीने पानातच कोष केला, आणि एका सकाळी त्यातून निळसर काळा भुंगा निघाला, अंगभर काटे. शेतात त्याची जातभाई मंडळी पानं खरवडत होती आणि पानांच्या शेंड्यांत, सालीखाली अंडी घालत होती. भात कापून झाल्यावर बघते, तर हीच स्वारी बांधावरच्या गवतात मुक्कामाला!

मग मी घरात सांगितलं, लावणीआधी रोपांचे शेंडे छाटायचे आणि बांधाचं गवत कापायचं. सासू कडाडली, "वाढत्या रोपाचा शेंडा कापतेस? आन् त्ये गवत माझ्या म्हशीचं हाय!"

"मग म्हशीलाच घालू की, आत्याबाई. भुंग्यांसकट खाईल."

सासरे खो खो हसले. ते हसले म्हणजे अर्धं काम झालं.

लावणीला रोपांच्या मुठी बांधून झाल्या की मी शेंडे कातरायला बसायची. बाया चिडवायच्या, "लूमवाली भाताची हजामत करतेय!" करतेय तर करतेय! छाटलेले शेंडे मी एकूण एक चुलीत घातले.

त्या वर्षी शेत असं हिरवंगार डोललं की बघत राहावं. गोदामाचा दलाल आला, तेव्हा सासऱ्यांनी त्याला बांधावर नेलं. "बघ, हितं गोदामाला जागा हाय का? सगळी भातानं भरलीय." मागे उभ्या उभ्या मला आनंदाने ओरडावंसं वाटलं.

दसऱ्याला सासूने पाटावर विळा आणि कोयता मांडले. हळदकुंकू वाहता वाहता तिचा हात थांबला, आणि ती माझ्यावर खेकसली.

"उभी काय ऱ्हायलीस? तुझी कात्री आण की."