महादेवाची बनियन

लग्नाला दहा महिने झाले होते आणि माझ्या बायकोने मला उजेडात बनियनशिवाय एकदाही पाहिलं नव्हतं. यात तिचा काही दोष नाही, मी काढायचोच नाही. नांदेडच्या मे महिन्यात शेजारचे बाप्ये गच्चीवर उघडेबंब झोपायचे आणि मी खोलीत बाह्यांची बनियन घालून कूलरसमोर घामाने भिजत पडायचो. गरम होत नाही का, असं बायकोने विचारलं की म्हणायचो, सवय आहे. आंघोळीला जाताना एक बनियन, बाहेर येताना दुसरी. वीज गेली की मी खूश. गल्ली वीजवाल्यांच्या नावाने बोटं मोडायची आणि मी मनातल्या मनात त्यांचे आभार मानायचो.

कारण साधं होतं. माझ्या दोन्ही दंडांवर, काखेपासून खाली, आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना पांढुरक्या रेघा आहेत. स्ट्रेच मार्क्स. बायकांना त्या बाळंतपणाने येतात, मला समोशांनी आल्या. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मी एकशे बारा किलोचा होतो. मग विष्णुपुरीच्या धरणाच्या रस्त्यावर आधी चालून, नंतर पळून, आणि शेवटी एका डान्स क्लासच्या मागच्या रांगेत लपून नाचून मी दोन वर्षांत अडतीस किलो उतरवले. चरबी गेली आणि जाताना अंगावर सह्या करून गेली. बारीक झाल्याच्या आनंदात पोरांबरोबर गोदावरीत उतरलो, तेव्हा एकजण म्हणाला, "अबे, ह्याला कुणी सोललं का काय?" सगळे हसले. मीही हसलो आणि त्यानंतर कुणासमोर शर्ट काढला नाही.

डिग्री कशीबशी मिळाली आणि नाच बऱ्यापैकी आला, म्हणून नाचाचाच धंदा केला. सकाळी बायकांना झुंबा आणि संध्याकाळी पोरींना सेमी-क्लासिकल, म्हणजे ज्याचं शास्त्र आम्हालाही धड माहीत नाही ते. लग्न ठरवायला मुलीकडचे लातूरहून आले तेव्हा त्यांना वाटलं, मुलगा जन्मापासूनच सडपातळ. त्यांचा हा गैरसमज मी मोडला नाही. आईने तर शोकेसमधले माझे जुने फोटो उचलून माळ्यावर टाकले, जणू मी कॉलेजला गेलोच नव्हतो.

बायको पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दिवसभर लोकांच्या दंडाला पट्टा आवळून रक्त काढते. अशा बाईपासून स्वतःचे दंड लपवणं सोपं नाही, पण मी ते काम मन लावून केलं. मला भीती दोन गोष्टींची होती. एक म्हणजे ती हसेल. दुसरी म्हणजे ती हसणार नाही, नुसतं बघेल आणि नजर वळवेल. दुसरीच जास्त होती.

आता तांडवाकडे येतो. आमच्या ग्रुपचा हुकमी आयटम म्हणजे तांडव. गॅदरिंग, गणपती, नगरसेवकाचा वाढदिवस, कुठेही खपतं. त्यात महादेव मी. आणि माझा महादेव अंगाच्या रंगाची, पूर्ण बाह्यांची घट्ट बनियन घालायचा. वर रबरी नाग टाकला की लांबून उघडाच वाटायचा.

माझे सासरे लातुरात किराणा मालाचे ठोक व्यापारी. लिंगायत, आणि कपाळावर विभूतीची तीन बोटं ओढल्याशिवाय दुकानाचं शटर वर करत नाहीत. आम्हीही लिंगायतच, पण आमच्या घरातली विभूती म्हणजे देवघरातल्या डबीत पडून राहिलेला एक खडा. त्यांच्या गल्लीतल्या देवळाची जत्रा होती आणि ते कमिटीत होते. जावयाचा कार्यक्रम ठेवायचा असं त्यांच्या मनाने घेतलं. एके दिवशी त्यांचा फोन आला.

"जावईबापू, तुमचा व्हिडिओ बघितला. लई भारी हाय. पण महादेव बनियन घालतो का कधी?"

"मामा, स्टेजवर थंडी असते."

"मग कैलासावर काय ऊन पडतंय?"

"देवाचं करायचं तर नीट करू," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. सासूबाईंनी निलंग्यापासून उदगीरपर्यंतच्या नातलगांना आवतण धाडलं. बायकोने लॅबमध्ये दोन दिवसांची रजा टाकली आणि मला म्हणाली, "तुमचं तांडव मी अजून एकदा पण बघितलं न्हाई." नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण कारण काय सांगणार? मिटून घेतलं.

जुन्या नांदेडात एक चाचा आहेत. नाटकाचे, गॅदरिंगचे कपडे भाड्याने देतात आणि मेकअप करतात. आयुष्यात त्यांनी इतके राम आणि इतके रावण रंगवलेत की आता दोघांत त्यांना फारसा फरक वाटत नाही. मी त्यांच्या दुकानात गेलो, दार लोटून घेतलं आणि शर्ट काढला. त्यांनी चष्मा चढवला आणि मला उजेडाकडे वळवलं.

"हौ रे, लई माल उतरवला की तू."

"लपेल का, चाचा?"

"रंग लपतो बेटा. खड्डा न्हाई लपत. बाजूनं ऊन पडलं की दिसतंच."

"मग?"

"मग वरून राख फासायची. महादेव हाय ना तू? रामाचं काम करणाऱ्याचं असं नशीब नसतं."

जत्रेत रात्रीचं स्टेज ऑर्केस्ट्राला दिलं होतं. महादेवाला मिळाली दुपारी चारची वेळ, म्हणजे टळटळीत ऊन. चाचांना मी नांदेडहून बरोबर आणलं होतं; देवळामागच्या शाळेच्या एका वर्गात त्यांनी दुपारीच मला बाकावर बसवलं. भुवया काढायची तपकिरी पेन्सिल घेऊन ते एकेक रेघ भरायला लागले. काखेजवळ आले की मला गुदगुल्या व्हायच्या. मी हललो की पेन्सिल घसरायची आणि चाचा म्हणायचे, "हलू नक्को, देवा." असं दीड तास चाललं. मग ओल्या स्पंजने पॅनकेक, म्हणजे कातडीच्या रंगाचा थर, मग पावडर. काम झाल्यावर त्यांनी आरसा धरला. त्यातले दंड कुणा दुसऱ्याचेच होते, आयुष्यात एकही समोसा न खाल्लेल्या माणसाचे. सांगायला लाज वाटते, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काजळ उतरेल म्हणून चाचा खेकसले.

चाचांची राख म्हणजे टाल्कम पावडर आणि थोडी मुलतानी माती. ती ते कालवत होते, तेवढ्यात सासरे स्टीलचा डबा घेऊन आले.

"पावडर कशाला? मठातून खरी विभूती आणलीय. किलोभर हाय. हात राखू नका."

चाचांनी चिमूटभर बोटांत चोळून बघितली आणि म्हणाले, "ही तर झकास धरते." दोघांनी मिळून मला दोन्ही हातांनी फासलं.

इथे मी चुकलो. चाचांना माहीत असायचं कारण नव्हतं, मला होतं. आमच्या समाजातल्या भाविकांसाठी मठातली विभूती म्हणजे काय, हे मी लहानपणापासून बघत आलोय. ती मेकअपचं सामान नसते, ती दिसली की घ्यायची असते. पण माझं सगळं डोकं दंडात अडकलेलं. त्यात सासऱ्यांनी माइकवरून जाहीर करून टाकलं, "महादेवाच्या अंगाला मठाची विभूती हाय, भक्तांनी ध्यानात घ्यावं." भक्तांनी अगदी नीट ध्यानात घेतलं.

तांडव चांगलं झालं. मी स्वतःची तारीफ फारशी करत नाही, पण झालं. कळत्या वयात पहिल्यांदाच माझ्या उघड्या अंगाला इतक्या लोकांसमोर वारा लागत होता आणि मला ते फार आवडलं. तिसऱ्या रांगेत बायको दिसली. पदर कमरेला खोचून टाळ्या वाजवत होती आणि शेजारणीला कोपराने ढोसून सांगत होती, आमचेच आहेत म्हणून. वाटलं, जमलं. आता असंच आयुष्य काढू, वर्षातून एकदा विभूती फासून.

शेवटी एक पाय वर उचलून मी पोज धरून उभा होतो. स्टेजला पडदा नव्हता. तेवढ्यात सासऱ्यांची ऐंशीच्या पुढची आत्या दोन सुनांचा आधार घेत पायऱ्या चढून आली. माझ्या टेकलेल्या पायाला हात लावला. मग तीन बोटं माझ्या डाव्या दंडावर टेकवून आडवी ओढली आणि कपाळाला लावली. मी पाय खाली घेईपर्यंत तिच्यामागे रांग लागली होती.

प्रत्येक बाई यायची, तीन बोटं ओढायची आणि पुढे सरकायची. घामाने पॅनकेक आधीच ढिलं झालं होतं. विभूतीबरोबर पावडर निघाली, पावडरीखालचं पॅनकेक निघालं, चाचांची दीड तासाची पेन्सिल निघाली. एकीने कडेवरच्या लेकरासाठी पोटावरची घेतली. एकीने नवऱ्यासाठी म्हणून कागदात बांधून नेली. चाचा वर्गाच्या दारातून पळ, पळ अशा खुणा करत होते. पण रांगेत सासूबाई होत्या, कुठे पळणार?

आत्या शेजारणीसाठी आणखी चिमूटभर न्यायला परत आली, तेव्हा दंडावर पट्टेच्या पट्टे मोकळे झाले होते. तिने मान पुढे काढली, एका रेघेवरून बोट फिरवलं आणि पोटाकडे बघितलं.

"का रे लेकरा," ती म्हणाली, "तू कवा बाळंत झालतास?"

सासऱ्यांच्या हातातला माइक चालू होता. अख्खी जत्रा हसली. सासरे सावरायला गेले, "तांडव लई अवघड असतंय मंडळी, अंगाला लागतंय," आणि जत्रा दुप्पट हसली. मी फक्त तिसऱ्या रांगेकडे बघत होतो. बायको हसली नाही. तिने माझ्या दंडाकडे बघितलं, मग तोंडाकडे, मग खाली वाकून चप्पल शोधली आणि निघून गेली. ज्याची जास्त भीती होती तेच झालं.

मी सत्काराची शाल गळ्यापर्यंत गुंडाळून सासरी पोचलो. घर पाहुण्यांनी भरलेलं. बायको जिन्यात उभी होती, एका हातात खोबरेल तेलाची बाटली, दुसऱ्यात जुन्या धोतराचा तुकडा. म्हणाली, "वर चला."

गच्चीवर अजून चांगलं ऊन होतं. तिने मला पालथ्या बादलीवर बसवलं आणि शाल काढायला लावली. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. एकशे बारा किलो, गोदावरीतली पोरं, माळ्यावरचे फोटो. ती तेल लावून डावा दंड पुसत होती.

"ह्या रेघा कुणी भरल्या?"

"चाचांनी."

"किती वेळ लागला?"

"दीड तास."

"म्हंजे त्यांच्यासमोर दीड तास बसलात." तिने फडकं उलटं केलं. "दसऱ्याला तुमचं रक्त घेतलं मी, साखर बघू म्हणून. संक्रांतीला परत घेतलं."

"हो. साखर नॉर्मल होती."

"साखर न्हाई बघितली. मला वाटलं काही रोग हाय अंगावर, सांगता येईना म्हणून झाकून राहिलेत. लॅबमध्ये जेवढं होतं तेवढं सगळं तपासलं. रिपोर्ट हातात येईपर्यंत जीव थाऱ्यावर नसायचा. दोन्ही बारी सगळं नॉर्मल आलं."

"मग बरंच की."

"काय बरं? रोग न्हाई, म्हंजे मग मीच नको हाय, असं झालं की."

ती दंड पुसतच राहिली. दंड केव्हाच स्वच्छ झाला होता. माझ्या रेघांची मला इतकी वर्षं लाज वाटली होती, ती त्या क्षणी कुठे गेली कळलं नाही, आणि तिच्या जागी दुसरीच एक लाज आली, तिच्याकडे वर बघता येईना अशी. ती माझ्या शेजारी रिपोर्ट बघून रडली असेल आणि मी पलीकडे बनियन नीट करत झोपलो असेन.

"उरलेलं तुमचं तुम्ही पुसा," ती म्हणाली. बाटली माझ्या हातात देऊन खाली गेली.

मी दुसरा दंड पुसला, पोट पुसलं. शाल बाजूला पडली होती, ती उचलली आणि परत ठेवली. मग तेलाची बाटली घेऊन तसाच उघडा जिना उतरलो.

हॉलमध्ये पंधरा-वीस माणसं चहा पीत होती, आत्या मधोमध सोफ्यावर. मी आलो तशी सगळ्यांनी माना वळवल्या. सासऱ्यांनी उगाच घसा खाकरला. बायको किटलीतून कपात चहा ओतत होती. मी लोकांच्या गुडघ्यांमधून वाट काढत तिच्यापर्यंत गेलो आणि बाटली पुढे केली.

"पाठ राहिली," मी म्हणालो. "माझा हात पुरत नाही."

तिने किटली खाली ठेवली. माझे दंड बघितले, पोट बघितलं, सगळ्यांच्या देखत, घाई न करता. मग तळहातावर तेल ओतलं.

"वळा," म्हणाली.