गिअरचे दात

वडील गेल्यावर त्यांची जुनी पिकअप मी चालवू लागलो. सपाट रस्त्यावरही ती पळेना, म्हणून गॅरेजमध्ये नेली. मिस्त्रींनी मागचा अ‍ॅक्सल उघडून गिअरचे दात मोजले.

"हे मूळचे नाहीत. चढावर जोर मिळावा म्हणून कुणीतरी बदललेत. वेग त्यामुळेच गेला."

मी गोंधळलो. गाडी हळू चालवतात म्हणून आम्ही तर वडिलांना भित्रा ड्रायव्हर म्हणत हसायचो. आईला फोन केला.

"लहानपणी तू तापानं फणफणला होतास, तेव्हा दवाखान्यात नेताना ही गाडी घाट चढेना. त्यानंतर गिअर बदलून घेतले त्यांनी."

मग इतकी वर्षं आमचं हसणं त्यांनी का ऐकून घेतलं?

"बदलायचे ना?" मिस्त्रींनी विचारलं. मी हो म्हणालो, लगेच नको म्हणालो. शेवटी त्यांनीच गिअर तसेच ठेवून अ‍ॅक्सलचं झाकण लावून टाकलं.