पाट्यावरचं पुरण

सानगडीत आमच्या शेजारी राहणाऱ्या बाई पुरण कधीच चाखून पाहत नाहीत. पोळ्याला बैलाच्या तोंडी घास गेल्याशिवाय आपण चाखायचं नाही, हा त्यांचा नेम. शिजलेल्या डाळ-गुळात त्या उलथणं उभं करतात. ते पडलं नाही की "झालं, म्याडम" म्हणतात. मिक्सरचं नाव काढलं की नाक मुरडतात. "त्याचा चिकट गोळा होते. पाट्यावरच वाटा लागते."

दरवर्षी माझ्या घरचंही पुरण त्याच वाटतात. माझी शाळा आणि माझा आळस, दोन्ही त्यांना ठाऊक आहेत.

यंदा पोळ्याला नणंद आली होती. पहिला घास घेताच म्हणाली, "वहिनी, हे तर पाट्यावरचं! कोणी वाटलं?"

"मीच," मी बोलून गेले.

नणंदेच्या पाठीमागे, स्वयंपाकघराच्या दारात शेजारच्या बाई उभ्या होत्या, हात मनगटापर्यंत पुरणानं माखलेले. "हो ना," त्या म्हणाल्या, "म्याडमच्या हाताले चव हाय." मी मान खाली घालून तूप वाढत राहिले.

नणंद हात धुवायला गेल्यावर त्यांनी मला आत बोलावलं. पाट्यावर मूठभर डाळ मुद्दाम ठेवली होती. वरवंटा पुढे करत त्या हळूच म्हणाल्या, "दोन हात फिरवून घ्या. सणाच्या दिवशी तुमचा शब्द खोटा कायले होऊ द्याचा?"

मला वरवंटा नीट धरताही येईना. त्यांनी माझ्या हातांवर आपले हात ठेवले आणि तेवढंही त्यांनीच वाटलं.