डिंक यांच्या मते

कॉलेजच्या स्टाफरूममध्ये किस्से साठतात कसे, हे मला अजून कळलेलं नाही. गणितवाल्यांकडे चार-दोन असतील. आमच्या समाजशास्त्राकडे मात्र ढीग! त्यातले निम्मे एकट्या देवधर सरांचे. ‘धर्माचं समाजशास्त्र’ हा पेपर ते जन्मभर शिकवत आले आणि मी त्यांची ज्युनिअर. सर स्वतः कट्टर नास्तिक. कुणी छेडलं, की म्हणायचे, “आडनावात देव आहे, तेवढा पुरे!”

* * *

सिद्धान्तांची जाडजूड इंग्रजी नावं मुलांच्या तोंडात बसायची नाहीत. म्हणून सरांनी घरगुती नावं पाडली होती. धर्म माणसांना एकमेकांशी चिकटवून ठेवतो, हा सिद्धान्त म्हणजे ‘डिंक’. दुःखाचा विसर पाडतो, तो ‘अफू’. आणि भीतीच्या वेळी डोक्यावर काहीतरी धरतो, ती ‘छत्री’.

एका वर्षी बाहेरगावच्या परीक्षकांचा फोन आला. चांगलेच वैतागले होते. “अहो, तुमचा एक विद्यार्थी पानभर ‘डिंक यांच्या मते, डिंक यांच्या मते’ असं लिहितोय. हे डिंक कोण? जर्मन का?”

सर शांतपणे म्हणाले, “नाही, आपल्याकडचेच. बाभळीवर राहतात.”

* * *

हा डिंक म्हणजे पाकिटं चिकटवायचा, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. एकदा मी मागच्या बाकावर बसून सरांचा तास ऐकत होते, तेव्हा सुरेखा नावाची मुलगी उठली. हडपसरच्या पुढच्या गावातून रोज एसटीने यायची, एरवी तोंडातून शब्द नाही.

“सर, आमच्याकडं डिंक लाडवात घालत्यात. बाळंतिणीला. कंबर मोडलेली असती ना, ती भरून यावी म्हणून. धर्माचंबी तसंच हाय का?”

वर्ग हसला. सर हसले नाहीत. हातातला खडू टेबलावर ठेवला. मग म्हणाले, “बसा. आज पुढे शिकवत नाही.”

बाहेर आल्यावर मी विचारलं, “सर, बरं नाही का?” तर म्हणाले, “बरं आहे हो. एवढ्या वर्षांत हे मला सुचलं नाही, म्हणून जरा गप्प बसतोय!” देवधर सर आपणहून गप्प बसलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

* * *

दरवर्षी मुलांना निरीक्षणासाठी देवळात न्यायचं. सरांचा नियम एकच. निरीक्षकाने हात खिशात ठेवायचे. हात मोकळे राहिले, की जोडले जातात आणि जोडले गेले, की निरीक्षण संपलं!

तर एकदा मुली म्हणाल्या, “सर, आमच्या पंजाबी ड्रेसला खिसेच नाहीत.”

सर म्हणाले, “म्हणजे या देशात धर्म शिंप्यांनी टिकवलाय!”

* * *

विसर्जन मिरवणूक बघायला आम्ही लक्ष्मी रोडला जायचो. हजारो माणसं, ढोल-ताशे, गुलाल. अंगावर काटा यायचा आणि मी तो लपवत नसे. माणसं एकत्र आली, की त्यांच्यापेक्षा मोठं काहीतरी तिथे येऊन उभं राहतं, हे सर फळ्यावर शिकवायचे. रस्त्यावर ते छातीवर आदळायचं.

सर हात खिशात घालून उभे. एका मुलाने मला कोपराने ढोसलं. बघते तर सरांचा उजवा पाय ताशावर ताल धरतोय!

“सर, पाय!” मी म्हटलं.

“नियम हातांचा आहे,” सर म्हणाले. पाय काही थांबला नाही.

* * *

सरांच्या सोसायटीत गणपती बसायचा. वहिनी, म्हणजे सरांच्या मिसेस, आरतीला खाली जायच्या. सर पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत, अर्थातच निरीक्षक म्हणून. आता आरतीत एक शब्द असा आहे, की तो सगळा गाव चुकीचा म्हणतो, ‘संकटी पावावे’चं ‘संकष्टी पावावे’. तो आला, की वरून आवाज यायचा, “शब्द तसा नाहीये!”

एकदा वहिनी खालूनच म्हणाल्या, “अहो, देवाला कळतं!”

“त्याला कळत असेल. शेजाऱ्यांना कळायला नको?”

* * *

सर रिटायर झाले आणि पुढच्याच वर्षी पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, पण त्याहून वाईट म्हणजे वाचा गेली. ज्या जिभेला अख्खं कॉलेज टरकायचं, तिच्यातून नुसता “अं, अं”. डॉक्टर म्हणाले, शब्द येतील किंवा नाहीही येणार. महिने गेले, एक शब्द आला नाही. वहिनी मला म्हणाल्या, “भांडायलाच कुणी उरलं नाही गं.” मला फार रडू आलं.

गणपतीत मी भेटायला गेले होते. वहिनी त्या वर्षी आरतीला खाली गेल्या नाहीत. गॅलरीचं दार उघडं, सर खुर्चीत, डावा हात लेंग्याच्या खिशात. खाली टाळ वाजले, आरती सुरू झाली. सरांचे ओठ हलले. आणि मग आवाज आला. सरांचा! खणखणीत, शब्दन् शब्द, सुरात.

तो शब्द जवळ आला. खालच्या सगळ्यांनी तो चुकीचा म्हटला. सरांनीही तसाच म्हटला!

“अहो,” वहिनी हसत होत्या की रडत, कोण जाणे, “अहो, चुकलात!”

आरती संपली. सरांनी खिशातला हात बाहेर काढला आणि वहिनींचं मनगट घट्ट धरलं. तोंड वाकडं झालं, मान थरथरली. मग माझ्याकडे बघत, एकेक अक्षर ओढून काढत म्हणाले,

“डिं... क.”

वहिनी कधी सरांच्या वर्गात बसल्या नव्हत्या. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि लगबगीने उठल्या.

“करते हो, करते! उद्याच लाडू करते!”